गुणाबाईंच्या तुंब्यातलं तेल

मीरा आणि ईशान,

तुम्ही पाठवलेला शिया बटरचा डबा मिळाला. टपालात त्याचं झाकण थोडं चेपलं होतं, पण आतलं लोणी जसंच्या तसं आहे. मी रोज झोपायच्या आधी टाचांना लावते. तुमच्याकडे आफ्रिकेत, तामालेला आले होते तेव्हा शेजारच्या मेमूना आजींच्या अंगणात आपण ते होताना पाहिलं होतं, आठवतं ना? भाजलेल्या बियांचा चॉकलेटी लगदा मोठ्या घमेल्यात घेऊन त्या आणि त्यांच्या सुना हातांनी फेटत बसल्या होत्या. फेटता फेटता लगदा पांढरा पडला आणि वर लोण्याचा फेस आला. तेव्हा मीराने मला विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे असं झाड का नाही?" मी म्हणाले होते, पाहून सांगते.

आता पाहून आले आहे. आपल्याकडे शियाचं झाड नाही, पण त्याचं नातेवाईक झाड आहे. त्याचं नाव मोह. शिया, मोह आणि तुम्हाला आवडणारा चिकू ही एकाच कुळातली झाडं. चिकूची काळी गुळगुळीत बी आठवा, म्हणजे मोहाची बी कशी असेल याची कल्पना येईल. तिच्यातून जे तेल निघतं ते उन्हाळ्यात पातळ असतं आणि थंडीत तुपासारखं गोठतं. कॉलेजच्या वसतिगृहात माझी मैत्रीण शकू हिवाळ्यात गावाहून एक बाटली आणायची. आम्ही चमच्याच्या दांड्याने ते तेल खरवडून काढायचो आणि भेगाळलेल्या टाचांना चोळायचो. तुमच्या डब्याचं झाकण उघडलं आणि मला ती बाटली आठवली. शकूला फोन केला. ती म्हणाली, "टोरीचा तेल? ये न मंग. पोराटोरांना फोनवर काय सांगशील, डोळ्यांनी पाहून घे."

टोरी म्हणजे मोहाची बी. म्हणून जानेवारीच्या शेवटी मी नागपूरहून गोंदियाला निघाले.

आमगाव

गोंदिया स्टेशनवर उतरले आणि मराठी विसरल्यासारखं झालं. हमाल हिंदी, चहावाला हिंदी, रिक्षावाला तर मला अम्माच म्हणाला. "अम्मा, बैग हमको दो, आप गिर जाओगी." मी पडले नाही, पण बॅगेचं एक चाक तिथेच पडलं. त्यामुळे पुढचा सगळा प्रवास ती बॅग एका अंगावर लंगडत चालली.

ईशानसाठी एक गोष्ट. शहराबाहेर बिरसी नावाचं गाव आहे. तिथे विमान चालवायला शिकवतात. शकूने मला घ्यायला गाडी पाठवली होती. त्या बाजूने येताना एक छोटंसं पांढरं विमान धानाच्या कापलेल्या शेतांवर गोल गोल फिरत होतं. शेतातली माणसं मान वर करूनही पाहत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "शिकाऊ आहे, वळण चुकला का पुन्हा येते."

शकूचं घर आमगावजवळ आहे. त्यांचे पूर्वज फार पूर्वी माळव्यातून इथे आले. घरात आपसात पोवारी बोलतात आणि माझ्याशी इकडची मराठी, म्हणजे झाडीबोली. शकू आता चांगलीच जाड झाली आहे आणि गुडघे धरून बसते, पण आवाज तसाच खणखणीत आहे. जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि वांग्याचं भरीत होतं. तिच्या घरात टोरीचं तेल मात्र नव्हतं.

"मग मला बोलावलंस कशाला?"

"आमी आता सोयाबीनवाले झालो वो," ती म्हणाली. "उद्या गुणाबाईकडे जाऊ. तिच्या पोरीचं लगन आहे. तिच्या घरी तेलाशिवाय लगन लागत नाही."

नाल्यापलीकडचं घर

सालेकसा तालुक्यात जंगल सुरू होतं. रस्त्यावरून कचारगडचा डोंगर दिसला. माघी पौर्णिमेला गोंड लोक लांबलांबून तिथल्या गुहांतल्या देवांच्या जत्रेला येतात आणि तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, असं शकूने सांगितलं. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे फक्त एक म्हैस उभी होती.

गुणाबाई आणि सुकलाल या नवरा-बायकोचं घर गावाच्या टोकाला, एका नाल्याच्या पलीकडे आहे. गाडी अलीकडे थांबते. नाल्यावर पूल म्हणजे शेजारी शेजारी टाकलेली दोन लाकडं, एक रुंद जाड फळी आणि एक गोल ओंडका. दोन्ही काळीभोर आणि गुळगुळीत. सुकलालने माझी लंगडी बॅग डोक्यावर घेतली आणि दुसऱ्या हाताने मला धरलं.

"फळी किती छान आहे हो," मी म्हणाले. "पाण्यावर असून कुजली नाही. कुठल्या झाडाची?"

"जुनी आहे जी, असीच," तो घाईघाईने म्हणाला. "पाय पाहून टाका."

त्याचा तो घाईचा आवाज मला तेव्हा सौजन्याचा वाटला.

अंगण शेणाने सारवलेलं, कडेला वालाच्या शेंगांचा वेल. गुणाबाई साठीच्या आसपासच्या, काटक, कपाळावर गोंदण. त्यांची मुलगी रमशिला गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स आहे. लग्नासाठी सुट्टी काढून आली होती आणि ओट्यावर बसून मोबाइलवर मेंदीची चित्रं पाहत होती.

त्यांच्या घरची रीत शकूने गाडीत अर्धी सांगितली होती. बाकीची गुणाबाईंनी सांगितली. घरात मुलगी जन्मली की बांधावरचं एक मोहाचं झाड तिच्या नावाचं होतं. त्या झाडाच्या टोरीवर तिचा हक्क. लग्न ठरलं की त्याच टोरीचं तेल काढून एका वाळवलेल्या दुधी भोपळ्यात, म्हणजे तुंब्यात, भरतात. लग्नाआधी मुलाची आई येते आणि तुंबा घेऊन जाते. सून घरात आली की पहिला दिवा त्याच तेलाचा लागतो. सोनं नाही, भांडी नाही, दोन्ही घरांमध्ये ठरलेली देणगी तेवढी एकच.

"आणि तेल चांगलं आहे हे कसं कळतं?" मी विचारलं.

"तुंबा उलटा करतेत," गुणाबाई म्हणाल्या. "थंडीचे दिवस राहतेत. खरा तेल राहिला तर गोठून जाते, पडत नाही. माह्या लगनाच्या येळी माह्या सासूनं सगळ्याइच्या समोर उलटा केलता. माही माय दाराच्या मागं उभी राहून थरथर कापत होती."

"पडलं का?"

"कायले पडेल?" त्या ताठ झाल्या. "माह्या मायचा तेल होता."

रमशिलेची सासू छत्तीसगडातल्या एका गावाहून तिसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. तेल काढून झालं होतं आणि तुंबा चुलीजवळ ठेवला होता. रात्री थंडीत बाहेर ठेवला की गोठेल. मला वाटलं, मी उशिरा आले, सगळं पाहण्यासारखं होऊन गेलं. पण तसं नव्हतं.

पातळच राहिलं

सकाळी गुणाबाईंच्या आवाजानेच जाग आली. अंगणात दहिवर पडलं होतं, बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि त्या तुंब्यात एक काडी घालून हलवत होत्या. काडीवरून तेल पाण्यासारखं ओघळत होतं.

झालं असं होतं. घरचा लाकडी घाणा बरीच वर्षं नव्हता. म्हणून सुकलाल टोरी घेऊन शहरातल्या मशीनवर गेला होता. तिथे त्याच्या आधी कोणीतरी जवस काढून गेलं होतं. मशीनच्या पोटात उरलेलं जवसाचं तेल यांच्या तेलात उतरलं. जवसाचं तेल थंडीत गोठत नाही, आणि दुसऱ्यालाही नीट गोठू देत नाही.

"पहिल्यांदा थोडी टोरी टाकून मशीन साफ करून घ्यायची होती न!" गुणाबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं मशीनवर जाऊन राहिले, इतका समजत नाही?"

"गर्दी होती," सुकलाल म्हणाला. "मांगचे लोक ओरडून राहिले होते."

"फ्रिजमध्ये ठेव न आई," रमशिला ओट्यावरून म्हणाली. "माह्या दवाखान्यात आहे मोठा."

"तुह्या सासूसमोर फ्रिज उलटा करू का मंग?"

शकू खो खो हसली, पण गुणाबाई हसल्या नाहीत. त्या चुलीपाशी जाऊन पाठ करून बसल्या. मी जवळ गेले. पदर डोळ्यांना होता.

"ते लोक चांगले आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "तोंडावर काही बोलनार नाही. पन पोरगी जलमभर आयकंन. बाजाराचा तेल घेऊन आली म्हनून. तिचं झाड काऊन होतं मंग?"

म्हणून सांगते, हा प्रश्न फक्त तेलाचा नव्हता. त्या झाडाखालची टोरी गुणाबाईंनी पावसाळ्याच्या तोंडाशी, पहाटे वेचली होती. तुमच्याकडे शियाची फळं वटवाघळं खातात आणि बिया खाली टाकतात तसंच इथे होतं. एकेक बी फोडून, आतला गर उन्हात वाळवून ठेवला होता. पुढच्या वर्षी झाडाने फळ दिलं नाही तर असावी म्हणून त्यातली एक टोपली त्यांनी चुलीवरच्या माळ्यावर राखली होती. आता तेवढीच उरली होती. ती मशीनवर पाठवायची त्यांची हिंमत नव्हती.

"घाणा कुठे गेला तुमचा?" मी विचारलं.

"ननदेनं नेला," त्या म्हणाल्या. "सासू मेली त्या वर्सी. मी मायच्या गावी गेली होती. वापस आली तर घाना नाही. हे म्हने, बहिनीनं नेला."

सुकलाल तेव्हा बैलाला पाणी पाजत होता. बैलाचं पिऊन झालं होतं तरी तो पाजतच होता.

"एक पिपा इकत घेऊ," तो तिकडूनच म्हणाला. "बाजारात शुद्ध भेटते."

"तुमी तोंड नका उघडू," गुणाबाई म्हणाल्या आणि चपला पायात घालून निघाल्या. मागे आम्ही. माझी पांढरी साडी, शकूचे गुडघे आणि तिच्या हातातली काठी. त्या पुलावरून पलीकडे गेलो.

नणंदेच्या दारात

सागाच्या जंगलातून वाट होती. वाळलेल्या पानांचा इतका मोठा आवाज येत होता की तिघींना ओरडून बोलावं लागत होतं. वाटेत गुणाबाईंनी रमशिलेचं झाड दाखवलं. बांधावर एकटंच, रुंद छातीचं, पानं झडू लागलेली. त्या जाता जाता खोडावर थाप मारून गेल्या, शेजारणीच्या पाठीवर मारावी तशी.

त्या तेलाचे उपयोग विचारले तेव्हा त्यांची थोडी कळी खुलली. वडे तळायला, दिव्याला, बाळाच्या अंगाला, बाळंतिणीच्या कमरेला, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या आसाला. तेल काढून उरलेली ढेप जाळली की डास पळतात. भाजीच्या वाफ्यात टाकली तर किडे येत नाहीत. मी मेमूना आजींचं सांगितलं. त्याही तेच सांगत होत्या: स्वयंपाक, बाळाचं अंग, केस, जखम.

"त्याइच्याकडे दाबत नाही?" गुणाबाईंनी विचारलं.

"नाही. पाण्यात फेटतात. हातानं. ताक घुसळल्यासारखं लोणी वर येतं."

"हातानं?" त्या थांबल्या. "किती वेळ?"

"खूप वेळ. चार-पाच बायका बसतात, गाणी म्हणतात."

त्या पुन्हा चालू लागल्या. "त्याइच्या नवऱ्याइनं पन घाना हरपवला असंन," म्हणाल्या.

नणंदेने आम्हाला खाटेवर बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि घाण्याचं नाव काढताच कमरेवर हात ठेवले.

"घाना? माह्या घरी? माहा भाऊ मले वालाच्या शेंगा देत नाही वो भाबी, घाना देईल? इतकं मोठं लाकूड मी काय पदरात बांधून आनलं?"

"मंग ते काऊन म्हनले?"

"ते तुमी त्याइलेच इचारा. माह्यावर कायले येता?"

गुणाबाई खाटेवरून उठल्या. परतीच्या वाटेवर त्या इतक्या भरभर चालत होत्या की शकू मागून ओरडली, "अवो, मारायचा असंन तर मारजो, पन आमाले पोहोचू दे!"

नाल्यात सुकलाल

नाल्यापाशी आलो तर पूल नव्हता. सुकलाल धोतर वर खोचून मांडीभर पाण्यात उभा होता आणि ती रुंद फळी काठावर ओढत होता. फळी घराकडच्या काठाला लागली तशी त्याने आम्हा तिघींना हात देऊन पाण्यातून पार नेलं आणि मग ती उलटी केली.

खालच्या बाजूला, ज्या फळीवर गुणाबाई आणि अख्खं गाव इतकी वर्षं पाय देत होतं तिच्या पोटाला, ताटाएवढा गोल चर कोरलेला होता आणि त्या चरातून एक पन्हळ बाहेर निघत होती. शेवाळ लागलं होतं, पण लाकूड शाबूत होतं. किती पिढ्यांचं तेल पिऊन बसलं होतं ते. फळी हे घाण्याचं खालचं लाकूड होतं आणि शेजारचा ओंडका वरचं.

 सुकलाल पाण्याकडे पाहत बोलू लागला.

"त्या वर्सी पूर आलता, पूल वाहून गेला. माय गेली होती, घाना कोनी चालवत नव्हता. मी म्हनलो, थोडे दिवस टाकतो. मंग तू आली न इचारलं. माह्या तोंडातून बहिनीचं नाव निघून गेलं. मंग कसा सांगू?"

"इतकी वर्सं?" गुणाबाई म्हणाल्या. "मी रोज याच्यावरून पानी आनून राहिली!"

"हो न. रोज वाटे, आज तुले दिसंन, आज दिसंन."

मला वाटलं आता भांडण होणार. गुणाबाईंनी फळीच्या चरात हात फिरवला, नखाने थोडं शेवाळ काढलं आणि बोटांचा वास घेतला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

"सासूचा वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या. आणि मग नवऱ्याकडे पाहून, "उभे काय राहिले? राख आना. गरम पानी आना. घासा आता!"

सुकलालने त्या फळीला जसं घासलं तसं मी कोणाला काही घासताना पाहिलेलं नाही. शकू म्हणाली, इतकं तर त्याने स्वतःच्या लग्नात अंगही घासलं नसेल. मग फळी दुपारभर उन्हात ठेवली.

तोवर गर ढेकीत कांडला. ढेकी म्हणजे पायाने दाबायचं मोठं लाकडी मुसळ. मी तीन-चार वेळा दाबून पाहिलं आणि शिकाऊ विमानासारखी पुन्हा पुन्हा चुकले. कांडलेली भरड टोपलीत भरून उकळत्या पाण्याच्या मडक्यावर वाफवली. वाफेला भाजक्या चिकूसारखा जड, गोडसर वास होता. मग ती गरम भरड बांबूच्या चपट्या पिशव्यांमध्ये कोंबून चरावर ठेवली. अंगणाच्या कडेला जुना खांब होता. त्याच्या खाचेत ओंडक्याचं एक टोक अडकवलं आणि ओंडका पिशव्यांवर टेकवला. दुसऱ्या टोकावर माणसांनी बसायचं. हाच घाणा.

"शकूबाई, तुमी बसा," गुणाबाई म्हणाल्या. "देवानं तुमाले याच्याचसाठी वाढवलं."

शकू बसली. तिच्याशेजारी नवरी, मग मी. लाकूड कुरकुरलं. पन्हळीच्या टोकाशी काही नव्हतं. गुणाबाई खाली मातीचं भांडं धरून वाकल्या होत्या.

"अजून वजन पायजे," सुकलाल म्हणाला आणि तोही आमच्या मागे चढून बसला. रमशिला ओरडली, "बाबा, मोडंन!"

मोडलं नाही. पन्हळीच्या ओठावर एक सोनेरी थेंब फुगला, लांब झाला आणि भांड्यात पडला. मग दुसरा. मग धार. गुणाबाईंनी बोट बुडवून आधी मुलीच्या कपाळाला लावलं, मग शकूच्या, मग माझ्या. सुकलालने कपाळ पुढे केलं. "तुमी थांबा," त्या म्हणाल्या. "उद्या पाहू."

राहिलेल्या थोड्या तेलात संध्याकाळी तांदळाच्या पिठाचे वडे तळले. बाहेरून खरपूस, आतून मऊ, आणि मागे किंचित तुरट चव. मी सहा खाल्ले. तुमच्या आईला सांगू नका.

ऊन चढताना

सकाळी तुंब्यातली काडी उभी राहिली. हलवली तरी हलेना. तेल पांढरट, किंचित पिवळं, अगदी तुमच्या डब्यातल्यासारखं गोठलं होतं. गुणाबाईंनी तुंब्याला नमस्कार केला.

पण विहीणबाई येईनात. जानेवारी असला तरी इथे दिवस वर आला की ऊन तापतं आणि हे तेल उन्हात सैल पडतं. गुणाबाईंनी तुंबा ओल्या फडक्यात गुंडाळून पेंढ्यात ठेवला. सावली सरकली की त्या पेंढ्यासकट तुंबा सरकवायच्या. आधी ओट्याखाली, मग गोठ्याच्या भिंतीला, मग वालाच्या वेलाखाली. मधूनमधून फडकं उचलून पाहायच्या.

"फोन कर न त्याइले," त्या मुलीला म्हणाल्या.

"केला. म्हनतेत, आलो, आलो. केव्हाच्या येऊन राहिल्या."

शेवटी शकूने कान टवकारले. "कोनी ओरडून राहिलं का वो?"

नाल्याच्या पलीकडच्या काठावर एक उंच बाई आणि तिचा दीर उभे होते. तिथे फोनला रेंज नव्हती आणि हाका मारून मारून त्यांचे घसे बसले होते. आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं की पूल आता अंगणात आहे!

सुकलाल धावला. पुन्हा मांडीभर पाण्यात उतरला आणि विहीणबाईंना हात दिला. त्या लुगडं खोचून, चपला हातात घेऊन, दात वाजवत अलीकडे आल्या. त्यांची बोली छत्तीसगडी होती, पण मला कळावं म्हणून आमच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलल्या.

"समधिन, पूल कहाँ गया? पिछली बार तो था!"

गुणाबाई क्षणभर घोटाळल्या. मग म्हणाल्या, "पूल का ही तेल निकाला है."

घाण्याकडे बोट दाखवून त्यांनी सगळं सांगितलं, जवसापासून नवऱ्यापर्यंत, काहीही न लपवता. विहीणबाई ऐकता ऐकता ओट्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांच्या ओल्या पायांना रमशिलेने कोमट पाणी दिलं. मग त्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "रहने दो, उलटा मत करो. मैं मान गई."

शकूने सुटकेचा श्वास सोडला. मीही. ऊन एव्हाना वेलाच्या आत शिरलं होतं आणि तुंब्याच्या अंगावर घामासारखं काहीतरी चमकत होतं.

पण गुणाबाई उठल्या. फडकं सोडलं, तुंबा हातात घेतला आणि अंगणाच्या मधोमध आल्या.

"नाही समधिन. माह्या पोरीचा तेल आहे. पाहून घ्या." आणि वळून, "तुमी या अठी. बसा खाली."

सुकलाल नवा सदरा घालून, केसांना पाणी लावून, भांग पाडून उभा होता. तो मुकाट्याने बायकोसमोर उकिडवा बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

गुणाबाईंनी त्याच्या डोक्यावर तुंबा उलटा केला.

 तुंब्याच्या तोंडाशी एक थेंब जमला, उन्हात चमकला, आणि तिथेच राहिला. दुसरं काही आलं नाही. गुणाबाईंनी तुंबा तसाच उलटा धरून ठेवला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

"झाला का?" सुकलालने डोळे न उघडता विचारलं.

"बसा अजून," गुणाबाई म्हणाल्या. मग तो थेंब त्यांनी बोटावर घेतला आणि नवऱ्याच्या कपाळाला लावला.